बाळंतिणींची दुपार

“खाली बघून चाल रं मास्तर, वर न्हाई,” होडीतून उतरता उतरता कोंडाबाई म्हणाली. “वर बघत ऱ्हाशील तर पायाखाली पाप करशील.”

आणि मी वरच बघितलं. बघू नको म्हटल्यावर न बघणारा अजून जन्माला यायचाय. आमचे पाय बेटाच्या वाळूला लागले मात्र, शे-दोनशे पांढरी पाखरं एकदम जमिनीवरून उठली. चादर झटकावी तशी अख्खी झुंड वर गेली, आमच्या डोक्यावर फिरली, आणि मग एकेक करून खाली सूर मारू लागली. पिवळीजर्द चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. एकानं माझ्या टाळूवर असा टोला दिला, की पुण्याहून आणलेली नवी कोरी टोपी पाण्यात पडली.

“लागलं का?” होडी ओढत भिवाआबांनी विचारलं.

“नाही, नाही,” मी डोकं चोळत म्हणालो.

“लागंल की,” कोंडाबाई म्हणाली. “बाळंतिणीच्या खोलीत पायताणं घालून घुसलाय गडी.”

याला आता पस्तीस वर्षं झाली. मी पंचविशीत होतो, नदीसुरय नावाच्या ह्या पाणपाखरांवर प्रबंध लिहीत होतो, आणि आपल्याला पक्ष्यांमधलं बरंच काही कळतं अशी माझी ठाम समजूत होती. माझ्याकडे दुर्बीण होती, घड्याळ होतं, आणि लांबलचक रकाने आखलेली जाडजूड वही होती. वही बघूनच कोंडाबाईनं मला मास्तर ठरवून टाकलं. मी शिकवत नाही, अजून शिकतोच आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. “एवढा घोडा झाला तरी?” असं तिनं विचारल्यावर मी मास्तर होणं पत्करलं.

ते बेट वर्षातून चार-पाच महिनेच असतं. धरणाचं पाणी उतरलं की माघात त्याची पाठ उघडी पडते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. मधल्या दिवसांत कोंडाबाई आणि तिचा नवरा भिवाआबा तिथं खोपट घालून राहायचे आणि गाळात कलिंगडं, खरबुजं लावायचे. पाणी मागे सरतं तसतसं त्याच्या मागोमाग बी टोकत जायचं. ह्याला तिकडे गाळपेर म्हणतात. बेटाच्या मधोमध एक उंचवटा होता, कडक, खड्याखड्यांचा. तिथं काही पिकत नसे. तिथं आणि वेलांच्या मधल्या उघड्या जागेत सुरयांची घरटी असत. घरटी म्हणजे काय, तर खड्यांमध्ये पोटानं घासून केलेला तळहाताएवढा खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. ती खड्यांत इतकी बेमालूम मिसळायची, की दोन पावलांवरून दिसायची नाहीत. खाली बघून चाल, ते एवढ्यासाठी.

कोंडाबाई बारीक चणीची, पन्नाशीची, जिभेनं तिखट. तिच्या वेलांच्या रांगा कुठंच सरळ नव्हत्या. घरटं दिसलं की ती तिथं खुरपं थांबवायची, हातभर जागा सोडून पुढं जायची. सगळा फड वेडावाकडा झाला होता.

“मावशी, ह्यानं तुमचं पीक कमी येत असेल,” मी म्हणालो.

“लेकी बाळंतपणाला आल्या म्हंजी घरात अडचण हुतीच,” ती म्हणाली. “म्हनून कुनी त्यास्नी हाकलून देतं का?”

पहिल्याच दिवशी तिनं मला बेटाचा कायदा सांगितला. बेटाच्या काठावर, खोपटासमोर, एक बाभूळ होती. सूर्य त्या बाभळीच्या शेंड्यावर आला की उंचवट्यावर आणि फडात कुणी पाऊल टाकायचं नाही. उन्हं कलेपर्यंत नाही. खुरपणं, पाणी घालणं, तोडणं, जे काय असेल ते सकाळी नाहीतर संध्याकाळी.

“दुपार बाळंतिणींची,” ती म्हणाली. “त्यात माझा मालक न्हाई, मी न्हाई, आन् तूबी न्हाई.”

मी मान डोलावली. पण माझ्या वहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना दुपारचाच होता. बारा ते तीन ह्या वेळात मादी किती वेळा आणि किती मिनिटं घरटं सोडते, ही माहिती कुणीच गोळा केली नव्हती. माझ्या सरांनी निघताना बजावलं होतं, “विद्याधर, बाकी सगळं इतरांनी केलंय. तो रकाना भरून आणलास तर प्रबंध उभा राहील, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बस.” माझ्या हातात सहा दिवस होते.

चार दिवस मी शहाण्यासारखा वागलो. सकाळी नोंदी, संध्याकाळी नोंदी. घरट्यांशेजारच्या खड्यांवर खडूनं आकडे घातले. दुपारी खोपटात पडून भिवाआबांबरोबर तंबाखू मळत बसलो. तो रिकामा रकाना मात्र मला झोपेतही दिसायला लागला.

पाचव्या दिवशी पलीकडच्या गावचा बाजार होता. कोंडाबाई स्वतः वल्हं मारत सकाळीच गेली. ती नेहमी चारपर्यंत परतायची. होडी लांब ठिपक्याएवढी झाली आणि मी आबांच्या मागे लागलो.

पाखरं बघणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. चार बांबू रोवून त्यावर खाकी कापड टाकायचं, की झालं लपण. पण एकटा माणूस आत शिरताना पाखरांना दिसतो आणि तो बाहेर पडेपर्यंत ती जवळ येत नाहीत. म्हणून दोघांनी जायचं, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं हात हलवत परत यायचं. पाखरांना वाटतं, आलेला गेला. त्यांना मोजता येत नाही.

“त्यास्नी मोजता येत नसंल,” आबा म्हणाले, “पर हिला येतं. कळलं तर मला ह्या पान्यात बुडवील.”

“आबा, मी आत गप्प बसणार. पाखरांना कळणारसुद्धा नाही. मग त्यांना त्रास कसला?”

आबा भिडस्त माणूस. पाहुण्याचा शब्द मोडवेना. बाभळीच्या शेंड्याकडे दोन-तीनदा बघून ते उठले. साडेदहाला आम्ही लपण उभं केलं, मी गोणपाटाची घडी घालून आत बसलो आणि आबा एकटे परतले. डोक्यावरचा कलकलाट हळूहळू शमला. आणि मग ती उतरू लागली.

तो अर्धा तास मी मरेपर्यंत विसरणार नाही. सहा, सात आणि आठ नंबरची घरटी माझ्यापासून तीन पावलांवर होती. सात नंबरची मादी उतरली, लाल पायांनी दोन पावलं टाकली, पोटाची पिसं फुगवली आणि अंड्यांवर बसण्याआधी चोचीनं एकेक अंडं हलकेच फिरवून घेतलं. मला तिच्या डोळ्यातली चमक दिसत होती. आणि मग मला ऐकू आलं. अंड्यातून आवाज येत होता. बारीक, चिकटलेला, टिक टिक. आणि ती त्याला उत्तर देत होती. घशातल्या घशात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. जगात ही गोष्ट आत्ता फक्त मला दिसते आहे, असं वाटून मी अक्षरशः हात जोडले.

बाराच्या सुमाराला वारा सुटला.

लपणाचं कापड सैल होतं. ते फडफडायला लागलं. सहा, सात आणि आठ, तिघी एकदम उडाल्या. मी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: बारा वाजून चार. घरट्यावर नाही. तिघी वर घिरट्या घालत राहिल्या, खाली यायच्या आणि कापड फडकलं की पुन्हा वर. सहा मिनिटं. नऊ मिनिटं. माझा पेन्सिलीचा हात भराभर चालला होता. हाच तर तो रकाना! कुणाहीकडे नसलेली माहिती माझ्या पुढ्यात येऊन पडत होती. मध्येच डोक्यावरच्या कापडावर टप टप थेंब पडले. आभाळ तर लख्ख निळं होतं. शिटत असतील, असं मी मनात म्हटलं आणि पुढची वेळ लिहिली. थोड्या वेळानं पुन्हा टप टप. मी वर बघितलंसुद्धा नाही. अक्षर मात्र सुरेख काढलं होतं, अजून वही आहे माझ्याकडे.

सव्वाबाराला कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, “मास्तर. उठू नगंस.”

कापडाच्या फटीतून मी बघितलं. कोंडाबाई दोन हात आणि दोन गुडघे टेकून, रांगत रांगत, खड्यांतून माझ्याकडे येत होती. ती उभी चालत आली असती, तर सगळ्या उंचवट्यावरची पाखरं उठली असती. ती रांगत होती म्हणून फक्त आजूबाजूची दहा-बारा उठली. बाजार लवकर उरकला होता, आणि पाण्यातूनच तिला दिसलं होतं, की सगळा उंचवटा शांत आहे आणि एकाच जागी तीन पाखरं वर तरंगताहेत.

“फडकं काढ. हळू. तसंच गुंडाळ,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्तच भीती वाटली. “आता माज्यामागं ये. हातावर.”

मी गोणपाटावरून उतरलो, तळहात खड्यांवर टेकले आणि तोंडातून ‘आई गं’ बाहेर पडलं. तव्याला हात लागावा तसं भाजलं. पावणेदोन तास मी घडी घातलेल्या गोणपाटावर बसलो होतो. खडे किती तापलेत, हे त्या एका क्षणापर्यंत मला ठाऊकच नव्हतं. त्या खड्यांवर अंडी उघडी पडली होती, आणि मी त्यांची मिनिटं लिहीत होतो.

काठापर्यंत मी कसा रांगलो, मला आठवत नाही. बाभळीखाली आबा खाली मान घालून बसले होते. मी काही बोलणार, तेवढ्यात कोंडाबाईनं माझी हनुवटी धरली आणि तोंड पाण्याकडं वळवलं.

“बग,” ती म्हणाली. “चार दिस झालं नुस्ता मोजतुयास. आता बग.”

मी बघितलं. उंचवट्यावरून एक सुरय उठली, पाण्यावर आली, पण मासा धरायला नाही. ती पाण्याला चिकटून उडाली आणि पोट बुडवलं. पुन्हा बुडवलं. मग तशीच, ओल्या पिसांनी, पाणी निथळत, घरट्यावर गेली, नि अंड्यांवर बसली. तिच्यामागून दुसरी. तिसरी. मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. पाण्यापासून उंचवट्यापर्यंत एक वाट पडली होती हवेत, कुणी कोरडं पोट घेऊन जात होतं, कुणी भिजलेलं घेऊन येत होतं. शेकडो पाखरं. कुणाची कुणाला धडक नाही, थांबणं नाही. वर सूर्य आग ओकत होता, आणि ती एवढीएवढीशी पाखरं पोटाच्या पिसांत ओंजळभरसुद्धा नसेल एवढं पाणी आणून अख्खी दुपार विझवत होती. मी चार वर्षं ह्या पाखरांचा अभ्यास करत होतो. मला हे माहीत नव्हतं.

“पदर भिजवून आनत्यात,” कोंडाबाई म्हणाली. “लेकराला ताप चढला की आपुन न्हाई का पदराचं टोक भिजवून कपाळावर ठिवत?”

मला ते थेंब आठवले. टप टप.

“मावशी, माझ्या डोक्यावर, कापडावर, थेंब पडत होते. मला वाटलं, ती शिटताहेत.”



“पानीच हुतं त्ये, बाबा,” ती म्हणाली. “आनत हुत्या. उतराया जागा दिली न्हाईस तू.”

ती शिव्या देती तर बरं झालं असतं. मी तिथंच वाळूत बसलो आणि मोठ्यानं रडलो. पंचविशीतला घोडा, दुर्बीण गळ्यात. आबांनी तंबाखूची पिशवी पुढं केली, मग घाईनं परत घेतली.

उन्हं कलल्यावर आम्ही तिघं उंचवट्यावर गेलो, खाली बघत, पाऊल मोजत. सहा नंबरपाशी कोंडाबाई उकिडवी बसली. तिनं अंडं उचललं, कानाला लावलं आणि हसली. “बोलतंय.” दुसरं, तिसरं. सगळी बोलत होती. आठ नंबरमध्येही दोन्ही बोलत होती. त्या दोन घरट्यांच्या माद्या मधे मधे टेकल्या असाव्यात. मला माहीत नाही. मी तेही नीट बघितलं नव्हतं.

सात नंबरचं अंडं तिनं कानाला लावलं, हलकेच फिरवून पुन्हा लावलं. दुसरं लावलं. तिसरं लावलं. मग ते तिसरं माझ्या कानाला लावलं. सकाळी ह्याच अंड्यातून मी आवाज ऐकला होता. अंडं गरम होतं. आत काही नव्हतं.

तिन्ही अंडी तिनं होती तशी खळग्यात ठेवली. टोकं आत, जशी मादी ठेवते तशी.

“ठेवता कशाला?” मी विचारलं.

“तिची हायती. आपुन कोन उचलनार?”

परतताना ती उंचवट्याच्या मध्यावर थांबली. तिथं एक जाड खुंट जमिनीतून वीतभर वर आलेला होता. चार दिवस मी त्याला झाडाचं खोड समजत होतो. तिनं त्यावर हात ठेवला.

“ह्यो मळनीचा तिवडा,” ती म्हणाली. “ह्याच्याभवती बैल फिरायचं. हे आमचं खळं. ही समदी खळवाडी, गावातली उंच जागा. घर तिकडं.” तिनं पाण्याकडं बोट केलं, जिथं दोन बगळे गुडघाभर पाण्यात उभे होते. “मारुतीच्या मागं. धरान आलं आन् गेलं समदं. तीन लेकी हायत मला. तिघींचीबी बाळंतपनं नव्या गावठानात झाली, पत्र्याच्या खोलीत. ह्या मातीत एकीचंबी न्हाई. पैल्या साली पानी उतरलं, म्या बी टोकाया आले तर खळ्यावर ह्या बसल्याल्या. म्हनलं, कुनीतरी आलं की माहेराला.”

ती एवढंच बोलली आणि खुरपं घेऊन फडात उतरली. आबा मला हळूच म्हणाले, “पैल्या साली तिनंबी भर दुपारची खुरपनी केली हुती. तिला वाटलं, पाखरं उगाच वरडत्यात. सांजच्याला एकबी अंडं बोललं न्हाई. तवापास्नं ह्यो कायदा.”

सहाव्या दिवशी मी निघणार होतो. उन्हाचं नको, संध्याकाळी जाऊ, असं आबा म्हणत होते. पण मीच विनंती केली, की बारा वाजता मला होडीत बसवून काठापासून थोडं आत न्या आणि थांबा. वल्हं मारायला कोंडाबाई बसली. पाण्यातून खळं स्वच्छ दिसत होतं. दुर्बिणीतून मी सात नंबर शोधलं.

ती बसली होती. तिन्ही अंड्यांवर, पिसं फुगवून. थोड्या वेळानं उठली, आमच्या होडीवरून पाण्यावर गेली, पोट बुडवलं, परत गेली, चोचीनं अंडी फिरवली आणि बसली. पुन्हा उठली. मी जुन्या रकान्याच्या नावावर काट मारली, वर ‘पाण्याला’ असं लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली. मग दुसरी. तासाभरात बारा रेघा झाल्या. शेजारच्या सहा नंबरमध्ये एक ओलं, मातकट पिल्लू अंड्यातून अर्धं बाहेर आलं होतं. सात नंबरचं येणं-जाणं चालूच होतं. दुसरा तास संपेपर्यंत माझ्या वहीत एकतीस रेघा होत्या.

माझ्यानं राहवेना. “मावशी, त्या अंड्यांत काही नाही. हिला कुणीतरी सांगायला पाहिजे.”

कोंडाबाईनं वल्हं मांडीवर आडवं घेतलं.

“कशापायी सांगायचं?” ती म्हणाली. “मला न्हाई का सांगितलं समद्यांनी? मालकानं सांगितलं, लेकींनी सांगितलं. गाव गेलं, आता तितं काय हाय म्हनून. ऐकलं का म्या? पानी उतारलं की येतीच की दर साली.”

होडीवरून पांढरं काही सर्रकन गेलं. माझ्या हातावर आणि उघड्या वहीवर पाण्याचे दोन थेंब पडले. मी ते पुसले नाहीत. बत्तिसावी रेघ ओढली.